तंबूचा दोर

भाजीच्या गाडीपाशी एका बाईने पिशवीचे बंद बांधले, आणि मी हातातली कोथिंबीर टाकून ओरडले, "शैले!" उजवा बंद डाव्यावर, मग डावा उजव्यावर. शाळेतल्या आमच्या गाइडच्या पथकाबाहेर कुणी अशी गाठ मारत असेल, तर मी भाजी खाणं सोडेन!

शैलाही किंचाळली. मग गाइडच्या शिबिरातल्या त्या वादळाचा विषय निघालाच. डोंगर हलवणाऱ्या त्या वाऱ्यात उडणारा तंबू मी एकटीने दोर धरून थोपवला, हे मी मुलांना, नातवंडांना, झालंच तर व्याह्यांनाही सांगून ठेवलंय.

"तू?" शैला म्हणाली. "अगं, दोर मी धरला होता! तू आत ट्रंकेवर बसून रडत होतीस."

"रडत तू होतीस!"

मी ठासून म्हणाले खरं, पण ट्रंकेचा गार पत्रा मला फारच नीट आठवत होता.

निघताना गाइडच्या रिवाजाप्रमाणे आम्ही डावे हात मिळवले. तिने असा दाबला की माझी बोटं कळवळली. ही बाई दोर सोडणारी नव्हे, असं मनात आलं. पण शैलाही स्वतःची बोटं चोळत माझ्याकडे त्याच शंकेने बघत होती.

मग ट्रंकेवर रडत होती, ती कोण?