तेल की व्हार्निश

खंडेनवमीला क्लबमध्ये स्नूकर खेळायच्या लाकडी काठ्या, म्हणजे क्यू, पूजेला मांडल्या होत्या. जुने खेळाडू अण्णा एकेकीला जवसाचं तेल चोळत माझ्या क्यूपाशी आले. संध्याकाळी माझा सामना होता. एरवी मी तिथे बोलत नाही.

“अण्णा, हिला नको. व्हार्निश आहे. तेल मुरणार नाही, चिकट होईल.”

“तुला काय ठाऊक गं?”

“हात फिरवून बघा ना.”

तेल मुरलेल्या लाकडाच्या रेषा बोटांना लागतात. व्हार्निशवर घामट हात काचेवरच्यासारखा अडतो. शाळेतलं इंग्रजी माझ्यावर असंच वरून चढलं, चकचकीत. हा खेळ मात्र आत मुरलाय.

अण्णांनी हात फिरवला. “खरंच की! आता बाकीच्याही तूच बघ, बाई.”

बाकीचे खेळाडू मी काय सांगते ते ऐकायला थांबले होते. मी सावकाश पुढची क्यू उचलली.