पातळच घ्या

लग्न मे महिन्यातलं ठरलं आणि तेव्हापासून माझ्या हातापायांना स्वस्थता म्हणून राहिली नाही. गोंदियाच्या बाजारात या दुकानातून त्या दुकानात आणि तिथून पुन्हा पहिल्या दुकानात अशी मी आईला घेऊन फिरत होते. कापडाचं ठाण उलगडायला लावायचं, मुठीत चुरगाळायचं, दाराशी नेऊन उजेडात धरायचं आणि नको म्हणायचं. आईच्या डोक्यावरचा ओला रुमाल एका दुकानातून दुसऱ्यात जाईपर्यंत कडकडीत वाळायचा.

"काऊन वं," ती शेवटी म्हणाली, "लगन करून राहिली का कपड्याचं दुकान टाकून राहिली?"

तिचंही बरोबर होतं. पण मी शिवणकाम करणारी. आमच्या भागातल्या कितीतरी नवऱ्या मुलींचे ब्लाऊज आणि घागरे माझ्या मशीनवर झाले. दुसऱ्यांची लग्नं शिवता शिवता आपल्या लग्नात काय घालायचं ते मी मनात कधीच बेतून ठेवलं होतं. सुती, कळीदार घागरा, कमरेपासून घेरापर्यंत माझ्या हातचा. साडीत माझं काय असणार? ब्लाऊज तेवढा माझा, बाकी विणकराचं. आणि दुसरं कारण उन्हाचं. थोरल्या बहिणीचं लग्न ऐन नवतपात लागलं होतं, मे संपता संपता येतात त्या भाजून काढणाऱ्या दिवसांत. जरीचा जड शालू नेसून ती आहेर घेत उभी होती, आणि घेता घेता जी खाली बसली ती उठेचना. बायकांनी तोंडावर पाणी मारलं. लग्नाच्या अर्ध्या फोटोंत ती ओलीचिंब आहे.

अडचण एवढीच, की माझं सासर गोंदियाजवळच्या गोरेगावकडचं, धानाची शेती करणारं जुन्या वळणाचं घर. तिथली नवरी मांडवात साडीशिवाय कशात उभी राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मला धास्ती होती होणाऱ्या सासूची. ती फार कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनातलं ओळखता ओळखता माझ्यासारख्या उतावळीचा जीव जातो. मी आईच्या मागे लागले, तूच विचार. आईनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि म्हणाली, "इहिनबाई, पोरगी लगनाचा कपडा पाहून राहिली जी. तुमचं काय म्हणणं?" घागऱ्याचं नावही तिनं काढलं नाही.

"आमच्याकडे त ऊन लय तपून राहिलं," पलीकडून सासू म्हणाली. "पोरीले पातळच घ्या. दुसरं काही नको."

मी नाचायचीच बाकी राहिले. ज्या बाईला मी इतकी घाबरत होते तिला माझ्या अंगाची लाही होईल याची काळजी! पातळ कापड घ्या म्हणाली, म्हणजे शिवायला मोकळीक दिली, असं मी आईला पटवलं. आईला ते पूर्ण पटलं नव्हतं, पण उन्हात आणखी फिरायची तिची तयारी नव्हती.

मग पातळाचा शोध सुरू झाला. जॉर्जेट घाम पीत नाही. आपल्याकडचं कोसा रेशीम डोळ्यांना गोड, पण अंगाला ऊब देतं. सुती घ्यावं तर जितकं पातळ तितकं आरपार दिसतं, आणि जाड अस्तर लावलं तर पातळ घेऊन फायदा काय? दुकानदार हात टेकून म्हणाला, "दीदी, इससे पतला तो फिर हवा ही बचती है।" अखेर डाळिंबी मलमल घेतलं आणि अस्तरालाही मलमलच. घरी आणून मिठाच्या पाण्यात भिजवलं, वाळवलं आणि लगेच कापायला बसले. थांबवेचना मला.

बस्ता त्यानंतर होता. दोन्ही घरची माणसं मिळून लग्नाचे कपडे घेतात, तो आमच्याकडे बस्ता. सासू दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "नवरीसाठी पातळ दाखवा." हिंदी बोलणाऱ्या विक्रेत्यानं तिच्यापुढे झिरझिरीत शिफॉनचा ढीग टाकला.

"हे कायचं जी?" तिनं ढीग बाजूला सारला. "पातळ! नेसाचं पातळ!"

म्हणजे फोनवरही ती साडीच म्हणाली होती. जुन्या बायका साडीला पातळ म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरी साडीला साडीच म्हणतात, आणि मला जे ऐकायचं होतं ते माझ्या कानांनी परस्पर ऐकून घेतलं होतं. गप्प बसले असते तर साडी नेसून प्रश्न मिटला असता. पण घरी घागऱ्याच्या कळ्या कापून पडल्या होत्या.

"म्या घागरा कापला जी," मी म्हणाले. "तुमी पातळ म्हणलं, मले वाटलं पातळ कापड."

आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"कापलं त कापलं," सासू म्हणाली, आणि हिरव्या काठाची एक लाल साडी बांधायला सांगून उठली.

या तीन शब्दांनी माझी झोप उडवली. ही परवानगी होती, की राग, की बघून घेईन? शिवायला बसले की टाके वाकडे पडायचे, मी ते उसवून पुन्हा घालायचे. होणाऱ्या नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई काही बोलूनच नाही राहिली." आई म्हणाली, "नेस ना साडी, एका दिवसाचा त खेळ आहे." मी तिच्यावर खेकसले, "एकाच दिवसाचा आहे म्हणूनच."

मी घागराच घातला. लॉनवर कूलर गरम हवा फेकत होते आणि मलमलातून मात्र थोडा वारा अंगाला लागत होता. मनात उत्तरं घोटून ठेवली होती: माझं लग्न, माझं अंग, माझे हात. आणि अपेक्षेप्रमाणे सासूच्या जावा आल्याच. थोरलीनं घागऱ्याचा घेर चिमटीत धरून मोठ्यानं विचारलं, "नवरीनं पातळ काऊन नाही नेसलं? आपल्यात असं चालते का?"

मी तोंड उघडलं.

"म्या सांगतलं," मागून सासू म्हणाली. ती माझी ओढणी सरळ करत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "ऊन लय आहे, घागरा शिव म्हणून म्याच सांगतलं. कोनाले काही म्हणाचं असन त मले म्हणा."

थोरलीनं घेर सोडला. भांडायला जुळवलेलं एकेक वाक्य तसंच राहिलं आणि मला हुंदका फुटला. बायका हळहळल्या, त्यांना वाटलं, पोरीला माहेर सुटतंय.