मुरबाडच्या चढावरची बैलजोडी

कल्याणला मुरबाडची सर्व्हिस मोटार पाहिली आणि माझं अवसानच गळालं. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची उंच भट्टी बसवली होती. ड्रायव्हर तिला 'शेगडी' म्हणे. ती पेटायलाच तासभर गेला. मी इलाख्याच्या कचेरीतला कारकून. व्यापार, वाहतूक, वीज-पाणी या धंद्यांत कुठे माणसं आणि बैलजोड्या वाढल्या, कुठे घटल्या, याचे तक्ते भरत गावोगाव हिंडत होतो. शहापूर तालुका आदल्याच आठवड्यात उरकला होता. तिथे मुंबईला पाणी नेणाऱ्या नळावर राखणदार भरत होते आणि गाडीवानांची नावं मात्र मी एकामागून एक खोडत आलो होतो.

पौषातली सकाळ होती. दोन्ही बाजूंना भात निघाल्यावर मोकळी झालेली शेतं, मध्येच वालाचा हिरवा पट्टा, आणि लांबवर सिद्धगडाचा डोंगर. मोटारीत शेजारी बसलेल्या म्हातारीनं तांदळाच्या भाकरीवर जवळा (बारीक सुकी कोलंबी) घालून माझ्या हातावर ठेवला. "खा रे बाबा, शेरातली मानसं नेमी उपाशीच दिसतात." तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी मी निर्लज्जासारखी दुसरी मागून घेतली.

मुरबाडच्या अलीकडच्या चढावर मोटारीनं मान टाकली. सगळे उतरलो, ढकलू लागलो. इंचभर हलेल तर शपथ! मामलेदारांनी मला बाराची वेळ दिली होती, आणि ती चुकली असती तर आमच्या साहेबानं मला उभा सोलला असता. मी उगाचच ड्रायव्हरवर डाफरलो.

तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवान धर्मा, पन्नाशीचा, म्हसा गावच्या जत्रेत बैल विकायला निघालेला. बैलांची शिंगं रंगवून, अंग घासूनपुसून चकचकीत केलं होतं.

"धर्मादादा, जोडी जुंप की जरा," ड्रायव्हर म्हणाला.

"नाय रे बाबा. एवढं धूड वढलं तर खांदं सुजतील. गिऱ्हाईक पयलं खांदंच चाचपतं."

मी सरकारी माणूस आहे असं ड्रायव्हरनं सांगितलं, तसा धर्मा माझ्याजवळ आला. "रावसाहेब, माजा मेवना शापूरकडं नळावर हाय. पुनवेच्या आत ये, राखणदारीत लावतो म्हनतो. पन ही जोडी मी वासरापासून वाढवलीय. तुमी सगळीकडं हिंडता. खरं सांगा, गाडीच्या धंद्यात काय राम उरलाय का? हाय म्हनाल तर इकत नाय, आताच जुंपतो."

उत्तर माझ्या पिशवीतल्या तक्त्यांत होतं. मी घड्याळात पाहिलं.

"पेट्रोल कुठलं येतंय आता!" मी म्हणालो. "गाड्यांचेच दिवस आहेत. ठेवा जोडी."

किती सहज बोलून गेलो मी! धर्माचा चेहरा असा उजळला की मला मान वळवावी लागली. त्यानं गाडी सोडली, दोर मोटारीला बांधला, बैलांच्या पाठीवर हात फिरवला. बैल गुडघ्यांवर येत येत वर चढले. बाराला मी मामलेदारांपुढे हजर होतो.

चार दिवसांनी परतताना त्याच चढाच्या पायथ्याशी धर्मानं हात करून मोटार थांबवली. त्याच्याजवळ दोन जोड्या होत्या.

"रावसाहेब, तुमच्या शब्दावर म्हैस दिली न् ही दुसरी जोडी घेतली! मोटारी हितं अडतातच. मेवन्याला सांगून धाडलं, नळावर दुसरा कोन बी लाव. घरचं दूध गेलं म्हनून कारभारीन रुसलीय. पन म्या म्हनलं, सरकारी मानसाचं बोलनं हाय, खोटं कसं व्हईल?"

मी खोटं बोललो, हे अगदी ओठांवर आलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि मोटार निघाली. अरे, उतरायला काय झालं होतं मला?

मुंबईला आलो, तक्ते पुरे केले. मुरबाडच्या बैलजोड्यांत एकीची वाढ दिसत होती. सगळ्या इलाख्यात घट असताना इथेच वाढ कशी, म्हणून साहेबांनी कारणाचा रकाना भरायला सांगितला. त्यात खरं तर माझंच नाव लिहायला हवं होतं. मी 'लढाईची परिस्थिती' असं लिहिलं आणि खाली सही केली.