मुका निवेदक

नवा सेट-टॉप बॉक्स लावला आणि टीव्हीचा आवाज गेला. पडद्यावर बातम्यांचा निवेदक हात नाचवत ओरडतोय, ऐकू काहीच येत नाही, तरी आप्पा पुढे सरकून त्याच्या ओठांकडे बघत बसलेले. माझ्या वडिलांनी इतकं मन लावून माझ्याकडे कधी बघितलंय, मला आठवत नाही. वस्तीत पाणी यावं म्हणून वर्षभर मी चौकात बोलतेय. आप्पा एकदाही आले नाहीत. माझं पत्रक मात्र चार घड्या घालून त्यांनी बॉक्सखाली सारलंय, डुगडुगू नये म्हणून.

मला त्या मुक्या माणसाचा हेवा वाटला. स्पष्टच सांगते, जळफळाट झाला.

टीव्हीमागे डोकावले. पिवळी वायर जागेवर होती, म्हणून चित्र दिसत होतं. आवाजाच्या लाल-पांढऱ्या वायरी आप्पांनी खालच्या ओळीत खोचल्या होत्या, जिथून टीव्हीचा आवाज बाहेर जातो. त्या उपसून हातात धरल्या आणि म्हटलं, "आप्पा, उद्या पाण्याचा मोर्चा आहे. याल?"

"आधी त्याचा आवाज आण, मग तुझं सांग."

खरं बोलणं पुरत नाही माणसाला. घरच्यांनी ऐकावं तर बहुतेक काचेच्या आत जाऊन बसावं लागतं. क्षणभर वाटलं, राहू दे मुकाच. पण आप्पा वाट बघत होते. वायरी वरच्या ओळीत खोचल्या.

"...नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही!" निवेदक गरजला.

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? याला म्हणतात बोलणं. शीक जरा."