बिनफोडणीचा रस्सा

जहूर हमदुले कोण, हे सांगायचं तर आधी त्याच्या फोडणीबद्दल सांगावं लागतं. हर्णैच्या बाजूचा हा माणूस एक्क्याण्णव साली मस्कतला उतरला आणि रुसैलमधल्या एका कंपनीच्या मेसमध्ये कांदे सोलायला लागला. चार वर्षांत तो चुलीजवळ सरकला, आणि पुढे चूल त्याचीच झाली. सकाळी अकराच्या सुमाराला तो मोठ्या टोपात तेल ओती. तेल तापलं की उभा चिरलेला कांदा, मग ठेचलेली लसूण, मग गावाहून आलेला मसाला. तो वास पत्र्याच्या गोदामांवरून आणि ट्रकांच्या रांगांवरून असा पसरे, की लांबच्या शेडमधला वेल्डर तोंडावरचं झाकण वर करून म्हणे, "चाचाने तडका मारा!" तीनशे माणसं त्या वासावर आपली भूक जुळवून घेत.

जहूरला याचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. "ज्याला फोडणी नाय, ते जेवण नाय," तो म्हणे. "ते नुसतं ऊन पाणी."

कंपनीने मेसच्या मागे दोन खोल्या दिल्या, तेव्हा त्याने बायकोला, हाफिजाला, बोलावून घेतलं. ती आली आणि त्या दोन खोल्यांना घर म्हणता येऊ लागलं. हाफिजा कमी बोलायची, पण त्याच्या रश्श्यात मीठ चिमूटभर चुकलं तरी ओळखायची. अख्ख्या ओमानात जहूर घाबरायचा तो एवढ्या एका जिभेला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात हाफिजाला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण भूक काही परत आली नाही. तापलेल्या तेलाचा वास आला की तिच्या पोटात ढवळायचं. अकरा वाजले की ती खिडकी लावून घ्यायची आणि ओढणी नाकाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. जहूरने काय काय केलं! जिऱ्याची फोडणी दिलेली पेज, लसणीवरचं वरण, तळलेला कांदा घातलेली यखनी, म्हणजे मटणाचं सार. सगळं उंबऱ्यातूनच मागे गेलं. बिनफोडणीची पेज दिली, तर दोन घोट घेऊन ती म्हणाली, "मना नको. चवच नाय, तर गिळू कशी?"

दहा दिवस असे गेले. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "शनिवारपर्यंत अन्न पोटात गेलं नाही, तर भरती करू. नाकातून नळी घालावी लागेल." जहूर बाहेर येऊन पायरीवर बसला. तीनशे माणसांना जेवू घालणाऱ्या माणसाला आपल्या एका माणसाच्या पोटात घास घालता येत नव्हता.

गुरुवारी तो भाजी आणायला बाजारात गेला. सोबत कंपनीचे खरेदी बघणारे कृष्णकांत होते, पुण्याचे. परतताना त्यांनी गाडी अल् खुवैरच्या एका गल्लीत वळवली.

"साहेब, इथं काय?"

"व्हिएतनामी हॉटेल. तांदळाच्या शेवया आणि सूप. जहूरभाई, तुम्ही सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही. तुम्हीही आजारी पडलात, तर मेसमध्ये मला उभं राहावं लागेल, आणि मग तीनशे लोक टायफॉइडने नाही, माझ्या आमटीने जातील."

आत सहा टेबलं होती. मालकीणबाई ठेंगणीशी, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने "सलाम आलेकुम" म्हटलं, तसा जहूर चमकला. तिचं नाव मरियम. व्हिएतनामच्या नदीकाठी आपल्यासारखीच मुसलमानांची गावं आहेत, हे त्याला त्या दिवशी कळलं.

कृष्णकांतांनी कोंबडीचं सूप मागवलं, जहूरसाठी मोठ्या जनावराच्या मांसाचं. आधी एका ताटलीत पाला आला, मोड आले, चिरलेली लिंबं आली. जहूरने पाला चुरगाळून नाकाशी नेला आणि पटकन खाली ठेवला. सब्जाच! गावाला कबरीवर लावतात तो. त्याने ताटली लांब सारली. घरात माणूस आजारी असताना हा वास त्याला नको होता.

मग वाडगा आला.

जहूर नुसता बघत राहिला. वाडगा हातभर अंतरावर होता, त्यात काठोकाठ रस्सा होता, आणि शेवयांच्या फटीतून तळाशी रंगवलेलं निळं फूल पाकळी न् पाकळी दिसत होतं. पहाटे ओहटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात वाळू दिसते, तसं. वर मांसाचे कागदासारखे पातळ काप होते, कच्चे, लाल. तो "हे कच्चं हाय" म्हणणार, तेवढ्यात ते त्याच्या डोळ्यांदेखत गुलाबी झाले, मग करडे. चुलीवाचून, नुसत्या त्या रश्श्याच्या उबेने मांस शिजत होतं.

त्याने चमचाभर तोंडात घेतला आणि डोळे मिटले. हाड होतं त्यात. नळीतला मगज होता, दालचिनी होती, लवंग होती, चक्रीफूल होतं. त्याच्याच मसाल्याच्या डब्यातली मंडळी. पण ती इथे ओरडत नव्हती. मशिदीत माणसं बसतात तशी शेजारी शेजारी शांत बसली होती.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "यात तेल नाय."

"मग?"

"मग एवढी चव आली कुठून?"

उत्तराची वाट न बघता तो उठला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मरियम हसली. एका स्वयंपाक्याने दुसऱ्याला ओळखावं तशी. तिने झाकण काढून दाखवलं. टोपात एखादाच बुडबुडा वर येत होता, झोपलेल्या पोराच्या श्वासासारखा. गिऱ्हाइकांकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत ती सांगू लागली.

"बाबा, हड्डी पहले उबालो. वो पानी खलास, फेंको. हड्डी धोओ. फिर नया पानी, आग धीरे, बहुत धीरे. प्याज-अदरक आग पे जलाओ, फिर डालो."

"और तडका?"

"तडका नहीं."

"बाद में?"

"बाद में भी नहीं, बाबा! कुछ नहीं करना. सबर."

पंधरा वर्षं मेसमध्ये काढलेला माणूस, पण काही न करण्याची पाककृती त्याने कधी ऐकली नव्हती. त्याने डब्यात रस्सा भरून घेतला, शेवया वेगळ्या. गाडीत तो डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसला.

आणि घरी येऊन त्याने घोटाळा केला. रस्सा गरम करायला ठेवला आणि हाताने हाताचं काम केलं. कुठला विचार नाही, काही नाही. छोट्या कढल्यात तेल पडलं, लसूण पडली, ते सगळं रश्श्यावर ओतलं गेलं, आणि चर्र झाल्यावर तो भानावर आला. आतून हाफिजाच्या ओकारीचा आवाज आला. रश्श्यावर तेलाचे पिवळे डोळे तरंगत होते. तळ दिसत नव्हता. जहूरने आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, जसा तो कुणा परक्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी जुम्याची नमाज झाल्यावर त्याने कृष्णकांतांना फोन केला. उद्या शनिवार होता. दोघांनी मिळून हाफिजाला गाडीत बसवलं.

"मना हॉटेलात कशाला नेता?" ती कुरकुरली. "खानावळीचा वास मी सोसणार हाय काय?"

"दारात बस फक्त. वास आला तर परत येऊ."

दारात ती थांबली. ओढणी नाकावर घट्ट धरलेली. मग हळूहळू ती थोडी खाली आली. "इथं कोण कायच तळीत नाय काय?" तिने विचारलं, आणि आपणहून आत पाऊल टाकलं.

मरियमने तिच्यापुढे लहान वाडगा ठेवला. जहूरने घाईघाईने सब्जाची ताटली उचलली.

"ठेवा ती," हाफिजा म्हणाली.

"अगं, हा कबरीवरचा..."

"कबरीवर लावतात, ते माणसांना वास आवडतो म्हणून. आमच्या परसात होता. उन्हाळ्यात आई सरबतात बी घालायची." तिने चार पानं खुडून रश्श्यात टाकली. ऊब लागली तसा वास वर आला. तिने चमचा उचलला.

जहूरने श्वास धरला. कृष्णकांत उगाचच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

एक घोट. तिचा गळा हलला. दुसरा. मग शेवयांचा एक धागा, आणि तिसरा घोट जरा सावकाश, जिभेवर फिरवून, जसा ती त्याचा रस्सा तपासायची.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली.

जहूरला वाटलं, पंधरा वर्षांत त्याने अजान सोडून इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं. त्याने तोंड वळवलं. हाफिजा पीत राहिली. शेवटी तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलून ओठांना लावला, आणि खाली ठेवला तेव्हा तळाचं निळं फूल कोरडं दिसत होतं.

"तुमचा थंड झाला," ती म्हणाली. त्याच्या वाडग्याला त्याने हातही लावला नव्हता.

शनिवारी इस्पितळात जावं लागलं नाही. सकाळी जहूरने घरच्या चुलीवर हाडं उकळली, ते पाणी फेकलं, हाडं धुतली, नवं पाणी घातलं, आच अगदी बारीक केली. कांदा आणि आलं जाळावर भाजून आत सोडलं. आणि मग त्याच्याकडे करायला काहीच उरलं नाही. तेलाची बाटली हाताशीच होती. त्याने नमाजात बांधतात तसे दोन्ही हात छातीशी बांधले आणि टोपापुढे उभा राहिला.

"अजी," आतून आवाज आला, "कायतरी घातलंत काय त्यात?"

"नाय गं. नुसता उभा हाय."