डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू आणि सेतुमामांचा कान

आमच्या ऑफिसात चुकांची एक लांबलचक यादी असते. चूक दुरुस्त झाली की ती यादीतून उडते. किश्श्यांची अशी यादी कोणी ठेवत नाही, त्यामुळे ते उडतही नाहीत. साठतच जातात. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला आयडी कार्ड मिळतं आणि दुपारी डबा खाताना दोन-तीन किस्से!

आधी आमचं काम सांगते. डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांना फोन आणि कम्प्युटर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतात ना, तो आवाज आम्ही तयार करतो. ऑफिस चेन्नईत, पेरुंगुडीला. तमिळ मुरुगेसन सरांकडे, ते आमचे बॉसही. मलयाळम बिंदूकडे, बांगला तापसकडे. मी अकोल्याची, मराठीला एकटी.

यात सगळ्यात अवघड काय, तर वेबसाइटचा पत्ता. गोष्ट वाचताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर माणूस समजून घेतो. पत्त्यात एक अक्षर चुकलं की पान उघडतच नाही. बरं, अक्षरं तीच सव्वीस, पण प्रत्येक भाषेच्या तोंडात त्यांची तऱ्हा निराळी!

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. आवाजानं पत्ता एकदाच वाचायचा. सेतुमामांनी तो ऐकून टाइप करायचा. पान उघडलं तर पास.

सेतुमामा म्हणजे सेतुराम राव. तंजावरकडचे मराठी, राहायला तांबरमला. जन्मापासून अंध. सगळी नोकरी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. रिटायर झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे येतात. घरी तंजावरची जुन्या वळणाची मराठी बोलतात, पण मराठीची एक ओळही त्यांनी कधी वाचलेली नाही. अंधांच्या शाळेत ब्रेल शिकले ते तमिळ आणि इंग्रजी. त्यांना मराठी अक्षर कोणी शिकवलंच नाही.

*

तमिळ आवाज पहिल्यांदा बोलला तेव्हा शेवटच्या अक्षराला, म्हणजे झेडला, तो ‘झी’ म्हणाला. परदेशातल्या हेड ऑफिसनं तसंच बसवून पाठवलं होतं.

मुरुगेसन सर ताडकन उभे राहिले. “हा ‘झी’ कोण? आमच्या शाळेत नव्हता! आमच्या वर्गात ‘इसड’ होता!”

त्याच दिवशी ‘झी’ गेला, ‘इसड’ आला. मग एमचा ‘येम’ झाला, एनचा ‘येन’ झाला. हेड ऑफिसनं विचारलं, हे उच्चार चुकीचे नाहीत का? सरांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं, “कोट्यवधी लोक रोज असंच बोलतात. चूक एवढी मोठी नसते!”

*

बिंदूचं भांडण एच या अक्षरावरून. ती म्हणते ‘हेच्च’. तापस म्हणाला, “अगं, एच म्हण ना साधं. अख्खं जग म्हणतं.”

बिंदू शांतपणे म्हणाली, “ज्या अक्षराच्या नावात ते अक्षरच नाही, त्याला मी घरात घेत नाही.”

तापसनं कागदावर ‘एच’ लिहून पाहिलं आणि तो चहा आणायला निघून गेला. मलयाळम आवाज आजही ‘हेच्च टी टी पी’ म्हणतो.

*

एकदा हेड ऑफिसचे जर्मन साहेब व्हिडिओ कॉलवर आले. एक पत्ता सांगताना ते भराभर म्हणाले, “वे वे वे...” आम्हाला वाटलं नेट अडकलं. आम्ही हात हलवून “थांबा, थांबा” म्हणायला लागलो. साहेबांनी पुन्हा सांगितलं, “वे वे वे!”

मग कळलं, जर्मनमध्ये डब्ल्यूला ‘वे’ म्हणतात. आमचं ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ म्हणून होईपर्यंत ते पुढच्या टिंबापर्यंत पोचलेले असतात.

सेतुमामा म्हणाले, “मग तुमची पानं आमच्या आधीं उघडत असतील!”

साहेब इतके हसले की मीटिंगचा विषयच राहून गेला. तो विषय आमच्या उशिराचाच होता.

*

मामांच्या कानाचं काय सांगू! आवाजाचा वेग ते इतका वाढवून ठेवतात की आपल्याला नुसती किरकिर ऐकू येते.

तापस नवीन होता तेव्हा एकदा त्यांच्या मागे उभा राहिला. थोडा वेळ ऐकून त्यानं कौतुकानं विचारलं, “मामा, ही कुठली भाषा?”

मामा टाइप करत म्हणाले, “तुमची बांगला.”

पान उघडलंसुद्धा होतं. तापसनं त्या दिवसापासून मामांसमोर कशाचीच फुशारकी मारलेली नाही.

*

मराठीत माझी गाडी अडली ती सरकारी पत्त्यांवर. त्यात ते ‘gov’ येतं. ते ‘गव्ह’ असं सलग वाचायचं की ‘जी ओ व्ही’ असं सुटं? लोक काय म्हणतात हे कळावं म्हणून मी अकोल्याला मावशीला फोन लावला. ती पंचायत समितीत क्लार्क होती, रोज असले पत्ते लोकांना सांगायची.

“मावशी, तू काय म्हणायचीस?”

“मी कशाला म्हणू? कागदावर लिहून द्यायची.”

“आणि ज्याला दिसत नाही त्याला?”

मावशी म्हणाली, “त्याला मी म्हणायची, बरोबर कोणाला तरी घेऊन या.” आणि पुढे म्हणाली, “तू सुटं सुटं वाच, बाई. एकट्यानं आलेल्यालाही समजलं पाहिजे.”

आम्ही सुटं वाचतो. जी, ओ, व्ही.

*

आता आमच्या मराठीवर आलेलं संकट. हेड ऑफिसचं पत्र आलं की यंदा मराठी वगळू या, मराठी लोकांना हिंदी आवाज चालेल. लिपी तर एकच आहे!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दीड वर्ष मी दुसरं काही केलं नव्हतं. सर म्हणाले, “चिडून उपयोग नाही. शुक्रवारी सेतुमामांना पन्नास मराठी पानं दे. पन्नासच्या पन्नास उघडली तर मी भांडतो. एक जरी राहिलं तर मला तोंड नाही.”

मंगळवारी आम्ही रंगीत तालीम केली. सत्तेचाळीस उघडली, तीन राहिली. आमचा आवाज शब्दाच्या शेवटी एम आणि एन गिळत होता.

मी मामांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं. “मामा, तीनच तर आहेत. शुक्रवारी जरा अंदाजानं टाइप करा ना. तुम्हाला सहज जमेल. आपलीच मराठी आहे.”

मामांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “आपली आहे म्हणून सोडूं? मुली, आपली आहे म्हणूनच सोडायची नाहीं!”

मला लाज वाटली, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. मी लगेच पुण्याला फोन लावला. आमच्या मराठीला आवाज देणाऱ्या बाई तिथे असतात. दोन दिवस त्यांनी फक्त एम आणि एन म्हटले. त्यांच्या नवऱ्यानं विचारलं म्हणे, “तुला पैसे शब्दावर मिळतात की अक्षरावर?”

*

शुक्रवार. मामा खुर्चीत, आम्ही चौघं त्यांच्या मागे. सरांच्या हातात यादी आणि पेन. बिंदूनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचे वळ उठले.

दहा उघडली. वीस उघडली. मंगळवारी राहिलेली तिन्ही उघडली. एकोणपन्नासाव्या पानाला मामांची बोटं जरा थांबली, आणि तेही उघडलं.

पन्नासावा पत्ता विदर्भातल्या एका लहानशा वाचनालयाचा होता. मामांनी टाइप केला. पान उघडलं. कोणा मास्तरांनी गावची विहीर कशी खणली त्याची हकिगत लिहिली होती. मामांचं काम पत्त्यापुरतं होतं, पान उघडलं की ते बंद करून पुढे जायचं.

मामांनी ते बंद केलं नाही.

सर म्हणाले, “मामा, पास ना?”

मामांनी फक्त हात वर केला, थांबा म्हणून. हेडफोनमधून आमच्या मराठीचा बारीक आवाज येत होता. आम्ही थांबलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तापसनं खुर्ची घेतली. मामांचा चेहरा मधेच हसरा व्हायचा, मधेच त्यांच्या कपाळाला आठी पडायची. विहिरीला पाणी लागत नव्हतं बहुतेक. सरांनी कोणाला न विचारता यादीच्या खाली मोठ्या अक्षरांत ‘पास’ लिहिलं, सही केली आणि भांडायला आपल्या केबिनमध्ये गेले. काचेतून आम्हाला त्यांचे नुसते हातवारे दिसत होते.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. घरून मामी. मामांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

“काय करूलागलांत? जेवण झालें?”

“वाचूलागलों.”

“काय?”

“मराठी. विहिरीची गोष्ट आहे. चोखट आहे!”

मामींनी विचारलं, “वाचून कोण दाखवूलागलें तुम्हांस?”

“कोणी नाहीं ग. मीच वाचूलागलों. ठेव आतां, अर्धी राहिली आहे!”