सोहारच्या बारमधलं हळदीकुंकू

सोहारमधला आमचा बार कायमचा बंद झाला, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट माझ्या आईला वाटलं. (आईने जन्मात दारूला हात लावलेला नाही!)

नव्वदच्या दशकात मी तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होतो. ओमानमधली सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवारची. गुरुवारी संध्याकाळी आम्ही चारपाच जण एका छोट्या हॉटेलच्या बारमध्ये बसायचो. परक्या गावात दार उघडताच कुणी नावाने हाक मारतं, याचं मोल फार होतं.

आई साताऱ्याहून राहायला आली, तेव्हा मी ठोकून दिलं, "गुरुवारी माझा ध्यानाचा वर्ग असतो."

"गुरुवारी? दत्तगुरूंचीच कृपा!" आईने हात जोडले. आता ते जोडलेले हात सुटू न देणं माझ्यावर आलं.

त्या वर्षी संक्रांत रमजानात आली. बार महिनाभर बंद. आणि माझ्या बायकोला, नीताला, हळदीकुंकवासाठी मोठी जागा हवी होती.

"मिळाली जागा," ती शांतपणे म्हणाली. "मॅनेजरने रिकामा बार दिलाय. आईंना सांगितलंय, तुझ्या ध्यानाच्या वर्गाची जागा!"

मी धावत जाऊन बाटल्यांच्या फळ्यांवर घरातल्या चादरी टांगल्या. डार्ट्सच्या बोर्डावर पतंग चिकटवला. आई आली, चादरींसमोर चपला काढल्या. "देव झाकून ठेवलेत वाटतं," म्हणत तिने तिथे हळदकुंकू वाहिलं, वर तिळगूळही ठेवला!

तेवढ्यात सरबत घेऊन आला फ्रान्सिस, आमचा गोव्याचा बारमन. "सर, तुमचं गुरुवारचं स्टूल आईंना देऊ?"

आई त्या उंच स्टुलावर चढून बसली. "इथे बसून ध्यान करतोस? डोळे मिटून?"

मी बोर्डावरचा पतंग सरळ करू लागलो.

"सुरुवातीला उघडे असतात, आई," फ्रान्सिस नम्रपणे म्हणाला. "शेवटी शेवटी मिटतात."

आईने त्याला दोन लाडू जास्त दिले.

पुढे काही वर्षांनी बार बंद पडला. फ्रान्सिस गोव्याला परतला, आमची मंडळी पांगली. पहिल्या रिकाम्या गुरुवारी करमेना, म्हणून मी आईला साताऱ्याला फोन केला. "आई, ध्यानाचा वर्ग खलास."

"अरेरे! आता तिथे तुझ्याशी दोन शब्द कोण बोलणार रे? फ्रान्सिस किती जपायचा तुला. आणि चादरीमागच्या त्या एवढ्या बाटल्यांचं काय केलं?"

"तुला... ठाऊक होतं?"

"तुझे बाबा जन्मभर गुरुवारी भजनाला जायचे," आई म्हणाली. "पण त्यांनी निदान दोन अभंग तरी पाठ केले होते. तुला मेल्या साधी मांडी घालून बसता येत नाही!"